उठरेघ

काकूंच्या आईला शेवटची नऊ वर्षं माणसं चपलांवरून ओळखावी लागली. कंबर अशी वाकली होती की मान वर करायची तर आधी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवावे लागत, आणि तेवढं करूनही समोरच्याची छाती दिसे, तोंड नाही. "टाचा घासलेल्या आहेत, म्हणजे धाकटी आली," असं ती म्हणे आणि ते बरोबर असे. लोकांना याचं कोण कौतुक. म्हातारीची नजर बघा, डोकं बघा. काकूंना त्या कौतुकाची चीड यायची. ज्या बाईनं चाळीस वर्षं बारीक सुताचं कापड विणलं, तिला लेकीचं तोंड बघायचं तर लेकीनं जमिनीवर बसावं लागतं, यात कसलं आलंय कपाळाचं कौतुक?

आई ज्या मागावर बसायची त्याच सात नंबरच्या मागावर काकू सोळाव्या वर्षी बसल्या. लांबलचक खोली, वर पत्रा, एका अंगाला खिडक्या, खाली बारा खड्डे आणि बारा हातमाग. सकाळी खटखट सुरू झाली की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे, म्हणून तिथली माणसं घरीसुद्धा ओरडूनच बोलत. काकूंच्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर वाटत होतं की बायको आपल्यावर रागावलेली आहे.

लोक छाती फुगवून म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. विणकरांच्यात उलटा कारभार. आधी वाकायचं, मग मोडायचं, आणि मधल्या सगळ्या वर्षांत कापडावर रेघ येऊ द्यायची नाही.

ही रेघ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तंटा तिच्यावरून झाला. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून काठावरच्या फळीवर बसतो. पायांनी खाली पावड्या दाबतो, ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांतून, म्हणजे ताण्यातून, धोटा इकडून तिकडे पळवतो, आणि फणीचा ठोका मारून आडवा धागा जागेवर बसवतो. तयार कापड पोटाजवळच्या रुळावर गुंडाळलं जातं. काम चालू आहे तोवर ठोके एका तालात पडतात. मध्येच उठलं आणि थोड्या वेळानं परत बसलं, की ताणलेले धागे तेवढ्यात थोडे ओढले गेलेले असतात. पहिला ठोका वेगळा पडतो आणि कापडावर आडवी, केसाएवढी रेघ उमटते. ती धुऊन जात नाही, इस्त्रीनं जात नाही. तिचं नाव उठरेघ.

म्हणून कारखान्याचा नियम होता: सकाळी बसलं की जेवणाच्या घंटेपर्यंत उठायचं नाही. पाणी बेतानं प्यायचं. एखादी बाई मध्येच उठलीच तर पाठीमागून कोणीतरी हळूच "उठवळ" म्हणे. शब्दाला चांगला वास नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पाय बधिर होऊन लाकूड झाले तरी बाया जागच्या हलत नसत. हे सगळं कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर फाडता तरी आलं असतं.

पन्नाशी उलटली आणि काकूंची कंबर बोलायला लागली. आधी कुरकुर, मग तक्रार, मग सरळ भांडण. एका सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवावे लागले. त्या तशाच थांबल्या. समोर दाराशी नवऱ्याच्या चपला होत्या आणि त्यांना फक्त त्या चपलाच दिसत होत्या.

त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी पाठ दाबून पाहिली, फोटो काढून उजेडापुढे धरला आणि म्हणाल्या, "वाकायचं नाही. फार वेळ बसायचं नाही. एका जागी एकच हालचाल सारखी करायची नाही."

"अहो, हे तिन्ही मिळूनच तर विणणं होतं," काकू म्हणाल्या.

"मग माग सोडा."

मुकादमांनीही तेच सांगितलं. मुकादम म्हणजे काकूंचे धाकटे दीर. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हे नुकते मागावर बसायला लागले होते, आणि तुटलेल्या धाग्याची गाठ एका हातानं कशी मारायची ते त्यांना काकूंनीच शिकवलं होतं. आता ते बारा मागांचे मुकादम. दिवसभर एक हात कंबरेवर ठेवून खोलीत फेऱ्या मारत.

"वहिनी, हट्ट करू नका. कोपऱ्यात चाकाशी बसा, कांड्या भरा. बसल्या बसल्या काम, ठोका नाही की पावडी नाही."

काकूंनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं ते चाक. माग सुटल्यावर आई तिथंच बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बघत बसायची.

"भाऊजी, मी माग सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "मागाला सांगा काय सोडायचं ते."

मुकादमांना वाटलं, बाई दुखण्यानं भ्रमिष्ट झाली.

तर झालं होतं असं. वर्षभरापूर्वी कुठल्याशा कॉलेजातून एक मुलगी आली होती. हातात शिवणकामाची टेप. तिनं सगळ्या विणकरांची मापं घेतली: गुडघ्यापासून टाच किती, कोपर बसल्यावर कुठं येतं, मान किती झुकते. पुरुष लाजले, बायका हसल्या. टेपवाली असं तिचं नाव पडलं. जाताना तिनं प्रत्येकाला एकेक कागद दिला. त्यावर मागावर बसलेल्या माणसाचं चित्र आणि बाजूला आकडे. ती म्हणाली होती, "माणूस मागाला बसवू नका, माग माणसाला बसवा." तिची पाठ वळल्यावर सगळे म्हणाले, उंटावरची शहाणी. अकरा कागद त्याच आठवड्यात कांड्यांच्या ट्रेखाली अंथरले गेले. बारावा काकूंनी पिशवीत घडी करून ठेवला होता. तेव्हा त्यांचाही विश्वास नव्हता, पण लिहिलेला कागद तेलकट ट्रेखाली जाऊ द्यायला त्यांना आवडत नसे.

तो कागद आता बाहेर निघाला. काकूंचा नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. दोघांनी स्वयंपाकघरात उद्योग मांडला. ओट्यापुढे फळ्यांची चळत रचली, त्यावर काकू बसल्या, आणि लाटणं हातात धरून फणीसारखं पुढं-मागं करायला लागल्या. मान दुखली की एक फळी काढायची, खांदा भरला की एक घालायची. कागदातले आकडे जवळपास बरोबर निघाले, पण नुसते जवळपास. काकूंची मांडी आखूड होती, हे टेपवालीला मोजता आलं होतं. काकूंचा डावा गुडघा पावसात नाही, उन्हाळ्यात दुखतो, हे तिच्या टेपेत कुठून येणार?

"पुढच्या बाजूला जरा उतार द्या," काकू म्हणाल्या. "पाय खाली जातात तर मांडी मध्ये अडायला नको."

"उतार देतो, पाठीला टेकू देतो, वर गादी ठोकतो," नवरा म्हणाला. "आसन म्हणायचं की सिंहासन?"

"तुम्ही करवत चालवा."

सुट्टीच्या दिवशी दोघांनी जाऊन सात नंबरची जुनी सपाट फळी उचकटली आणि नवी बैठक बसवली. खड्ड्यात पाय टेकायला एक आडवी पट्टी ठोकली. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग विचारायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कारखाना सात नंबरभोवती. शेजारच्या आठ नंबरवाल्याला सगळे लंबू म्हणत. त्याचे गुडघे त्याच्या मागाच्या आडव्या लाकडावर आपटून आपटून काळे पडलेले होते. तो वाकून बघत म्हणाला, "काकू, तिकीट किती?" सगळे हसले. मागून एक जुना विणकर बोलला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडं असेल तर सरळ नको करायला?" काकूंनी मागे न बघता विचारलं. "की वाकड्या अंगणात पाय मोडून घ्यायचा आणि नाचता येतं म्हणून सांगायचं?"

आणि त्या बसल्या. कंबरेला बरं वाटलं, खांद्याला बरं वाटलं. दुपारपर्यंत त्यांनी हातभर कापड काढलं, संध्याकाळपर्यंत आणखी हातभर, आणि मग बोट फिरवून पाहिलं. कापड विरळ. हाताला पातळ लागत होतं, जाळीसारखं.

चूक साधी होती आणि विणणाराच करील अशी होती. बैठक चार बोटं वर गेली होती, पण कापडाचा रूळ जिथल्या तिथं होता. म्हणजे हात वरून येत होता आणि ठोका समोरून बसायच्या ऐवजी तिरका पडत होता. टेपवालीनं माणसाचं माप घेतलं होतं, ठोक्याचं नाही. पण तिला बोल लावण्यात काय अर्थ? चौतीस वर्षं ठोका मारणाऱ्या बाईला तरी तो दिवसभर कुठं कळला? सुखाला हरखली होती.

"बघितलंत?" मुकादम म्हणाले. "आता काढा ते खेळणं आणि ठेवा घरी."

काकूंनी दोन हात कापड उसवलं. एकेक धागा, पुढचा अर्धा दिवस. उसवताना कोणी हसलं नाही, कारण उसवणं प्रत्येकानं कधी ना कधी केलेलं असतं. मग नवऱ्यानं पाचरी तासून आणल्या, आणि रूळही चार बोटं वर उचलला. ठोका समोरून बसायला लागला. कापड पहिल्यासारखं घट्ट.

आता राहिलं उठण्याचं. कागदावर लिहिलं होतं, दर अर्ध्या तासाला उठा, चाला, पाठ सरळ करा. हे वाचून लंबू म्हणाला होता, टेपवालीला कोणी उठरेघ दाखवली नाही वाटतं. काकूंच्या डोक्यात मात्र वेगळाच भुंगा शिरला होता. जेवणाच्या घंटेला त्या भर खोलीत मोठ्यानं म्हणाल्या, "मला एक सांगा. आता आपण सगळे उठतोय. अर्ध्या तासानं परत बसणार. मग जेवणाची रेघ का येत नाही?"

लंबूनं डबा उघडता उघडता हात थांबवला.

उत्तर प्रत्येकाच्या हातात होतं. घंटा झाली की प्रत्येक विणकर न बघता खुंटी काढून ताणा एक घर ढिला करायचा, आणि परत बसल्यावर ताणून, धागा न घालता दोन रिकामे ठोके मारायचा. धागे ओढलेच जात नसत, तर रेघ येणार कुठून? आई तेच करायची, आईची आई तेच करायची. म्हणजे उठण्यानं रेघ येत नव्हती. ढिला न करता उठण्यानं येत होती. तेवढा खुंटीचा वेळ वाचावा म्हणून कोणीतरी कधीतरी म्हणालं असेल, उठूच नका, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाया-पुरुष फळीवर बसून गोठत गेले. काकूंना इतका राग आला की त्यांनी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

"मी दर पाच कांड्यांनी उठणार," त्यांनी मुकादमांना सांगितलं. "ढिलं करून. खुंटीवर खिळ्यानं खूण केलीय, ताण तिथंच परत येतो."

मुकादम आता चिडले होते. सगळा कारखाना ऐकत होता, आणि वहिनी असली तरी मुकादम कोण हा प्रश्न होताच. "ठीक आहे," ते म्हणाले. "वीस हात कापड काढा. साधं, पांढरं, बारीक सुताचं. एक रेघ सापडली तर माग लंबूला आणि तुम्ही चाकाशी. बोला."

पांढऱ्या साध्या कापडावर माशी बसून गेली तरी दिसते. रंगीत कापडावर काय वाटेल ते लपतं. मुकादमांनी मुद्दाम पांढरं सांगितलं होतं आणि काकूंना ते कळलं होतं.

"बोलले," काकू म्हणाल्या.

पहिले चार दिवस झकास गेले. पाच कांड्या संपल्या की काकू ताणा ढिला करत, उठत, खिडकीपर्यंत जात, दोन्ही हात वर ताणून परत येत. पहिल्या दिवशी मागून "उठवळ" ऐकू आलं. काकू वळल्या आणि म्हणाल्या, "हो, उठते. तुम्हाला उठता येत नाही त्याला मी काय करू?" नंतर ऐकू आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मुकादम स्टूल घेऊन सात नंबरच्या बाजूला येऊन बसले. नुसते बघत राहिले. आणि काकूंचं काय बिनसलं कोण जाणे. पाच कांड्या झाल्या, हात खुंटीकडे गेला आणि परत आला. यांच्या देखत उठायचं? म्हणतील, बसवत नाही म्हणून सोंगं करते. दाखवूच याला, आपण बसू शकतो ते. दहा कांड्या झाल्या, पंधरा झाल्या. चौतीस वर्षांची सवय, ती काय चार दिवसांत जाते? जित्याची खोड. घंटा व्हायला थोडाच वेळ असताना उजवा पाय कधी बधिर झाला ते त्यांना कळलंच नाही. पाय पावडीवरून घसरला, फणी अर्ध्यात अडली, आणि पुढचा ठोका पडला तो चुकीचाच पडला. मुकादम नेमके तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

काकूंनी बोट फिरवलं. होती रेघ. चार धागे मागे उसवले असते तर गेली असती. मुकादम जेवायला उठले की दहा मिनिटांचं काम, आणि लपवायचं म्हटलं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांचा हात उसवायला गेलाही. मग त्यांनी स्वतःला एक शिवी दिली, मनातल्या मनात, पण चांगली ठसठशीत. ही रेघ माझ्या मस्तीची आहे, त्या म्हणाल्या, राहू दे तिला. माग गेला तरी राहू दे. आणि त्या पुढे विणत गेल्या. पण त्या दुपारपासून स्टुलावर कोण बसलंय हे न बघता दर पाच कांड्यांनी उठल्या.

सातव्या दिवशी वीस हात पूर्ण झाले. कापड कापून मुकादमांनी ते खिडकीत आडव्या काठीवर टाकलं. सगळे माग थांबले. मुकादम हात-हात कापड सरकवत, उजेडापुढे धरत, नखानं चाचपत निघाले. पाच हात. दहा हात. बारा. काकू भिंतीशी ताठ उभ्या होत्या. चौदाव्या हातावर नख थांबलं.

"ही," मुकादम म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे सांगायला हवं. "ही रेघ आहे, वहिनी."

"आहे," काकू म्हणाल्या. "पुढे बघा."

मुकादमांनी विसाव्या हातापर्यंत पाहिलं. परत उलटं पाहिलं. दुसरी रेघ नव्हती.

"या वीस हातांत मी साठाच्या वर वेळा उठले," काकू म्हणाल्या. "त्यातली एक जागा दाखवा. एक. तुम्हाला सापडलीय ती उठल्याची रेघ नाही. तुम्ही स्टूल टाकून बसला होतात त्या सकाळी मी तुमच्यापुढे शहाणपणा मिरवायला उठले नाही. पाय मेला आणि घसरला. ती न उठल्याची रेघ आहे, भाऊजी. उसवता आली असती. मीच ठेवली, तुम्हाला दाखवायला."

मुकादमांनी कापड काठीवरून उतरवलं.

"नियम ठरला होता," मुकादम म्हणाले. "एक रेघ. लंबू, उद्यापासून सात नंबर तुझा."

लंबू मान खाली घालून स्वतःचे गुडघे चोळत होता. "माझे पाय तिथं मावायचे नाहीत," तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "आणि मावले तरी मी बसणार नाही. काकू, माझ्या मागाचं माप कधी घेता?"

मुकादमांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कंबरेवरचा हात आणखी घट्ट दाबला. ते बघून काकूंच्या तोंडातून ते वाक्य गेलं. बारा वर्षं सगळ्यांना माहीत असलेलं आणि कोणीच न बोललेलं.

"भाऊजी, तुम्ही मुकादम हुशारीनं झाला नाहीत. कंबरेनं झालात. तुम्हाला बसवेना म्हणून तुम्ही फेऱ्या मारताय. नाहीतर तुमच्याइतका सरळ ठोका या खोलीत कोणाचा होता? मी शिकवलाय, मला माहीत आहे." काकूंनी सात नंबरकडे बोट केलं. "मला चाकाशी बसवायचं तर बसवा. आधी एकदा माझ्या मागावर बसून बघा. खोटं निघालं तर बैठक बसवताना आणलेली करवत अजून कोपऱ्यात आहे. स्वतःच्या हातानं कापा ते सिंहासन."

मुकादमांनी हातातलं कापड खाली ठेवलं. मग काठाला धरून, पाय एकेक करून खड्ड्यात सोडत ते सात नंबरवर बसले. मागावर अजून दोन-तीन हातांचा ताणा शिल्लक होता. मुकादमांची उंची काकूंएवढीच, बैठक त्यांना मापात बसली. पाठ टेकूला लागली. त्यांनी पावडी दाबली, धोटा पळवला, ठोका मारला. मग दुसरा. मग कोणी मोजलं नाही. हात विसरला नव्हता. ठोका सरळ, समोरून, घट्ट पडत होता, आणि कंबरेवरचा हात कंबरेवर नव्हता. बोटभर कापड निघालं, दोन बोटं निघालं. मुकादम वर बघेनात. त्यांचे डोळे भरले होते ते लंबूला बाजूनं दिसलं, त्यानं तोंड फिरवलं.

पाच कांड्या संपल्या. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी मागाच्या लाकडावर दोनदा टकटक केलं.

"उठा, भाऊजी. माझा माग आहे तो," त्या म्हणाल्या. "आणि उठायच्या आधी ताणा ढिला करा. रेघ आली तर माग जातो, नियम तुमचाच आहे."

मुकादमांनी खुंटी काढली.